जुन्या डर्ट बाइकच्या इग्निशन कॉइलची चाचणी

जुन्या डर्ट बाइकच्या इग्निशन कॉइलची चाचणी म्हणजे १९६० आणि १९७० च्या दशकांतील मोटोक्रॉस, एन्ड्युरो व ट्रेल प्रकारच्या मोटारसायकलींमधील उच्च विद्युतदाब निर्माण करणारी कॉइल सुस्थितीत आहे की नाही, हे ठरवण्याची पद्धत होय. या चाचणीत बाह्य पाहणी, वेटोळ्यांच्या रोधाचे मापन, ठिणगीची चाचणी, तापलेल्या अवस्थेतील तपासणी आणि माहितीतील चांगल्या कॉइलशी तुलना असे टप्पे येतात. मल्टिमीटरने रोध मोजणे ही यांतील सर्वांत प्रचलित चाचणी असली तरी ती एकटी पुरेशी नसते. रोध चुकीचा आढळल्यास कॉइल सदोष आहे असे बहुधा म्हणता येते. रोध बरोबर आढळला म्हणून कॉइल निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. अनेक जुन्या वाहनांच्या मूळ कॉइल आता उत्पादनात नाहीत. त्यामुळे चुकीच्या निदानामुळे चांगली कॉइल टाकून दिली जाण्याचा आणि खरा बिघाड तसाच राहण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. एका वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले की शेजारच्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे त्याचे सार होय. आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू व शास्त्रज्ञ निकोलस कॅलन यांनी १८३६ मध्ये या तत्त्वावर प्रवर्तन कॉइल तयार केली. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीतील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो विकसित केला आणि स्पार्क प्लगद्वारे प्रज्वलन करण्याची पद्धत व्यवहारात रुळली. मोटारसायकलीची इग्निशन कॉइल ही याच परंपरेतील वस्तू आहे.

डर्ट बाइक म्हणजे कच्चे रस्ते, माळरान, जंगलवाटा किंवा मातीचे शर्यतमार्ग यांवर चालवण्यासाठी बनवलेली हलकी मोटारसायकल. यामाहा कंपनीची २४६ घन सेंटिमीटर क्षमतेची डीटी-१ ही मोटारसायकल १९६८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली व तिच्यामुळे हा प्रकार सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला. सुझुकीची टीएम४०० (१९७१) आणि होंडाची सीआर२५०एम एल्सिनोर (१९७३) ही त्या काळातील आणखी दोन प्रसिद्ध उदाहरणे होत. युरोपात स्वीडनची हस्कवर्ना, स्पेनची बुल्टाको, जर्मनीची मैको आणि चेकोस्लोव्हाकियाची सीझेड या कंपन्यांच्या मोटारसायकली शर्यतींत आघाडीवर होत्या. ब्रूस ब्राउन यांच्या ‘ऑन एनी संडे’ (१९७१) या माहितीपटाने अमेरिकेत या खेळाची लोकप्रियता वाढवली. आज ही वाहने संग्राहक जपतात, त्यांचा जीर्णोद्धार करतात आणि जुन्या वाहनांसाठीच्या स्वतंत्र शर्यतींत ती उतरवतात.

या वाहनांपैकी बहुतेकांचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे द्विधाव, एका सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे असते. अशा इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ६,००० फेरे होत असताना कॉइलला सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात. त्यातच इंजिनाची धग, सततची कंपने, चिखल आणि धुण्याचे पाणी यांचाही मारा होत असतो.

रचना आणि कार्य

इग्निशन कॉइलमध्ये लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळे जाड तारेचे व थोड्या वेढ्यांचे असते. द्वितीयक वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे असून त्याचे वेढे हजारोंच्या संख्येत असतात. या तारेवर लाखेसारख्या पदार्थाचा निरोधक थर असतो. संपूर्ण कॉइल राळेत किंवा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेली असते. तिच्यातून एक जाड, निरोधक आवरणाची तार निघून प्लगच्या टोपीपर्यंत जाते.

प्राथमिक वेटोळ्यातील विद्युतधारा एकाएकी बदलली की गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि द्वितीयक वेटोळ्यात हजारो व्होल्ट दाब निर्माण होतो. हा दाब स्पार्क प्लगच्या दोन अग्रांमधील ०.५ ते ०.७ मिलिमीटर अंतर ओलांडतो, ठिणगी पडते आणि दाबलेले इंधनमिश्रण पेटते.

ठिणगी पडण्यासाठी किती दाब लागेल हे केवळ अंतरावर अवलंबून नसते. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या नियमानुसार वायूचा दाब आणि अग्रांमधील अंतर यांच्या गुणाकारावर तो ठरतो. म्हणून उघड्या हवेत सहज पडणारी ठिणगी सिलिंडरमधील दाबलेल्या मिश्रणात पडेलच असे नाही. कॉइलच्या चाचणीतील अनेक फसव्या निष्कर्षांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

प्रज्वलन पद्धतींचे प्रकार

जुन्या डर्ट बाइकमध्ये मुख्यतः तीन प्रज्वलन पद्धती आढळतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कॉइल या तीन पद्धतींत वेगवेगळे काम करतात. त्यामुळे चाचणीपूर्वी वाहनात कोणती पद्धत आहे हे निश्चित करावे लागते.

बॅटरी-कॉइल पद्धत: यात बॅटरीची धारा प्राथमिक वेटोळ्यातून वाहत असते. कॅमने संपर्कबिंदू, म्हणजेच ‘पॉइंट’, उघडले की ती खंडित होते. पॉइंटला समांतर जोडलेले सुमारे ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचे धारित्र, म्हणजे ‘कंडेन्सर’, पॉइंटवरील जळती ठिणगी रोखते आणि धारा झटकन थांबवण्यास मदत करते. ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठवली जाते.

पॉइंट असलेली फ्लायव्हील मॅग्नेटो पद्धत: यात बॅटरीची गरज नसते. फिरत्या फ्लायव्हीलमधील चुंबकांमुळे स्थिर पट्टीवरील स्रोत-कॉइलमध्ये धारा निर्माण होते. पॉइंट उघडताच ती इंधनटाकीखालच्या बाह्य कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात शिरते. किक मारण्याचा वेग कमी पडला किंवा फ्लायव्हीलचे चुंबक क्षीण झाले, तर कॉइल चांगली असूनही ठिणगी अशक्त पडते.

सीडीआय पद्धत: यात ऊर्जा कॉइलमध्ये न साठवता एका धारित्रात साधारण २०० ते ४०० व्होल्ट दाबाने साठवली जाते. योग्य क्षणी थायरिस्टर हा अर्धसंवाहक घटक ती प्राथमिक वेटोळ्यात सोडून देतो. येथे कॉइल केवळ स्पंद-रोहित्राचे काम करते. या पद्धतीत विद्युतदाब फार वेगाने चढतो, त्यामुळे तेलाने काहीसा माखलेला प्लगही ठिणगी देतो. द्विधाव इंजिनासाठी हा मोठा लाभ ठरला. सुझुकीने टीएम४०० वर पॉइंटविरहित इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन वापरले होते, तर अनेक युरोपीय शर्यती मोटारसायकलींवर स्पेनच्या मोटोप्लाट कंपनीची इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा असे.

बिघाडाची कारणे व लक्षणे

कॉइल बिघडण्याचे चार मुख्य प्रकार आहेत:

• वेटोळे तुटणे. कंपनाने किंवा गंजामुळे बारीक तार एखाद्या ठिकाणी सुटते.
• वेढ्यांमध्ये अंतर्गत संपर्क होणे. तारेवरील निरोधक थर उष्णतेने जळून शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.
• बाह्य निरोधन फुटणे. आवरणाला सूक्ष्म तडे जातात, त्यांत ओलावा शिरतो आणि उच्च दाब प्लगऐवजी गाभ्याकडे किंवा चौकटीकडे निसटतो.
• जोड सैल होणे. उच्च दाबाची तार कॉइलपाशी किंवा टोपीपाशी सैल होते, अथवा गाभ्याचा चौकटीशी असलेला संपर्क तुटतो.

इंजिन थंड असताना सुरू होणे, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडणे आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणे, हे सदोष कॉइलचे बहुश्रुत लक्षण आहे. वेग वाढवताना इंजिन अडखळणे, पावसात किंवा धुतल्यानंतर बंद पडणे आणि ठिणगी मुळीच न पडणे ही अन्य लक्षणे होत. मात्र यांतील एकही लक्षण केवळ कॉइलचेच असते असे नाही. कार्ब्युरेटरमधील कचरा, टाकीच्या झाकणाचे बंद झालेले वायुछिद्र, क्रँकशाफ्टच्या झिजलेल्या सीलमधून आत येणारी हवा, सदोष कंडेन्सर आणि तापल्यावर खंडित होणारी स्रोत-कॉइल यांमुळेही तशीच लक्षणे दिसतात. म्हणून इंजिन बंद पडल्या क्षणी, ते थंड होण्यापूर्वी, ठिणगी आहे की नाही हे पाहणे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वेळी जोरदार ठिणगी मिळाल्यास संशय इंधनपुरवठ्याकडे वळतो, जरी तेवढ्याने प्रज्वलनयंत्रणा पूर्णपणे निर्दोष ठरत नाही.

चाचणीपूर्वीची तपासणी

कॉइलवर चाचणी करण्यापूर्वी तिच्या मागच्या-पुढच्या साध्या गोष्टी तपासल्या जातात. यांतील प्रत्येक गोष्ट ‘कॉइल गेली’ असा चुकीचा समज निर्माण करू शकते.

१. स्पार्क प्लग: माहितीतील चांगला, शक्यतो नवा प्लग लावून पाहिला जातो. द्विधाव इंजिनात तेलाने भिजलेला किंवा काजळीने भरलेला प्लग हे ठिणगी न मिळण्याचे नेहमीचे कारण असते.

२. प्लगची टोपी: टोपी तारेवर स्क्रूप्रमाणे फिरवून बसवलेली असते. आतील तांब्याचे धागे गंजले असल्यास तारेचे टोक सुमारे ५ मिलिमीटर कापून टोपी पुन्हा बसवली जाते. अनेक टोप्यांमध्ये सुमारे ५ किलोओहमचा रोधक असतो. तो जळून तुटल्यास ठिणगी अशक्त होते किंवा थांबते.

३. इंजिन बंद करण्याचे बटण: मॅग्नेटो आणि बहुतांश सीडीआय पद्धतींत हे बटण प्रज्वलनमंडल चौकटीला जोडून ठिणगी मारते. हँडलवरील बटणात पाणी शिरले किंवा त्याच्या तारेचे आवरण घासले गेले, तर ठिणगी कायमची बंद होते. बटणाची तार काढून ठेवून चाचणी केली की हा बिघाड लगेच कळतो. अशा वेळी इंजिन अन्य मार्गाने बंद करण्याची तयारी ठेवावी लागते.

४. चौकटीशी संपर्क: बहुतेक बाह्य कॉइलमध्ये वेटोळ्यांचे एक टोक गाभ्याला जोडलेले असते, आणि गाभा चौकटीवर बोल्टने बसवलेला असतो. जीर्णोद्धारात चौकटीला नवा रंग किंवा पावडर कोटिंग दिले की हा संपर्क तुटतो, कारण रंगाचा थर विजेचा निरोधक असतो. सर्व भाग चांगले असूनही नुकत्याच सजवलेल्या वाहनात ठिणगी न मिळण्याचे हे ठरावीक कारण आहे. बोल्टखालील रंग खरवडणे किंवा गाभ्यापासून इंजिनापर्यंत स्वतंत्र तार देणे, हा त्यावरचा उपाय होय.

५. पॉइंट आणि कंडेन्सर: पॉइंटची फट बहुतेक वाहनांत ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. पॉइंटवर तेलाचा थर किंवा काजळी असल्यास धारा वाहत नाही. पॉइंट उघडताना त्यांच्यात मोठी निळसर ठिणगी दिसत असेल तर कंडेन्सर निकामी झाल्याचा संशय येतो.

६. फ्लायव्हीलची चावी: फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांना एकत्र धरणारी अर्धगोल चावी कातरली गेल्यास ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी पडते. अशा वेळी कॉइल कितीही वेळा बदलली तरी इंजिन नीट चालत नाही.

रोधमापन

रोध मोजताना कॉइल मंडलापासून वेगळी केली जाते, अन्यथा समांतर जोडलेल्या अन्य वेटोळ्यांचा रोधही मापनात मिसळतो. मॅग्नेटोच्या बाह्य कॉइलमध्ये प्राथमिक रोध लहान तारेचे टोक आणि गाभा यांच्या दरम्यान मोजतात. द्वितीयक रोध उच्च दाबाची तार आणि गाभा यांच्या दरम्यान, टोपी काढून मोजतात. टोपी तशीच ठेवल्यास तिच्यातील ५ किलोओहम मापनात मिळतात आणि चांगली कॉइल सदोष भासते. बॅटरी पद्धतीच्या अनेक कॉइलमध्ये प्राथमिक वेटोळ्याची दोन स्वतंत्र टोके असतात आणि द्वितीयक वेटोळे त्यांपैकी एकाला जोडलेले असते.

रोधाची सर्वसाधारण मर्यादा पुढीलप्रमाणे असते:

• ६ व्होल्ट बॅटरी-कॉइल: प्राथमिक सुमारे १ ते २ ओहम.
• १२ व्होल्ट बॅटरी-कॉइल: प्राथमिक सुमारे ३ ते ५ ओहम.
• पॉइंट असलेल्या मॅग्नेटोची बाह्य कॉइल: प्राथमिक सुमारे ०.५ ते २ ओहम.
• सीडीआय कॉइल: प्राथमिक सुमारे ०.१ ते १ ओहम.
• द्वितीयक वेटोळे: प्रकारानुसार सुमारे २ ते १५ किलोओहम.

हे आकडे केवळ अंदाजासाठी असतात. अंतिम निर्णय त्या विशिष्ट वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकड्यावरच घेतला जातो, कारण एका प्रकारात योग्य असलेला रोध दुसऱ्या प्रकारात बिघाडाचे चिन्ह ठरू शकतो.

मापन करताना दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली मीटरच्या तारांची. दोन्ही टोके एकमेकांना टेकवल्यावर साधारण मल्टिमीटर ०.२ ते ०.३ ओहम दाखवतो. ०.५ ओहमच्या वेटोळ्याच्या बाबतीत ही चूक निम्म्याहून अधिक ठरू शकते, म्हणून ती वजा केली जाते. दुसरी दुरुस्ती तापमानाची. पुस्तिकेतील आकडे सहसा २० अंश सेल्सिअसला दिलेले असतात, आणि तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ६,००० ओहम असलेले वेटोळे ४० अंशांच्या उन्हाळी दिवशी सुमारे ६,४७० ओहम आणि ६० अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ६,९४० ओहम दाखवते. ही वाढ नैसर्गिक असून ती बिघाड दर्शवत नाही.

रोध अनंत आढळल्यास वेटोळे तुटलेले असते. रोध पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा बराच कमी आढळल्यास वेढ्यांत अंतर्गत संपर्क झालेला असतो. काही इलेक्ट्रॉनिक पद्धतींत कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक मंडल एकाच ओतीव आवरणात बंद असतात. अशा ठिकाणी बाहेरून मोजलेल्या प्राथमिक रोधाला काही अर्थ उरत नाही.

रोधमापनाच्या मर्यादा

मल्टिमीटर अत्यल्प विद्युतदाबाने रोध मोजतो. प्रत्यक्ष कार्यात तेच वेटोळे हजारो व्होल्ट सहन करत असते. त्यामुळे १०,००० व्होल्टला फुटणारे निरोधन मीटरला पूर्णपणे शाबूत दिसते.

वेढ्यांमधील अंतर्गत संपर्काचेही असेच आहे. १२,००० वेढ्यांच्या आणि ६,००० ओहम रोधाच्या द्वितीयक वेटोळ्यात १०० वेढे एकमेकांना चिकटले, तर रोध सुमारे ५० ओहमने, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी घटतो. मीटर ही कॉइल चांगली ठरवतो. प्रत्यक्षात मात्र ते १०० वेढे एका बंद कड्यासारखे वागतात, चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जा स्वतःकडे ओढून तिचे उष्णतेत रूपांतर करतात आणि ठिणगीसाठी पुरेसा दाब उरत नाही. असा दोष रोधापेक्षा प्रवर्तकत्व मोजणाऱ्या उपकरणाने अधिक स्पष्टपणे उघड होतो, कारण चिकटलेल्या वेढ्यांमुळे कॉइलचे प्रवर्तकत्व लक्षणीय घटते. तुलनेसाठी त्याच प्रकारची चांगली कॉइल उपलब्ध असणे मात्र आवश्यक असते.

ठिणगीची चाचणी

सर्वांत प्राथमिक चाचणीत प्लग काढून टोपीत बसवतात, त्याची धातूची बाजू सिलिंडरच्या डोक्याला टेकवतात आणि किक मारून ठिणगी पाहतात. या चाचणीत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर फटीतून, वातावरणाच्या दाबाला, ठिणगी पडते. त्यासाठी काही हजार व्होल्ट पुरतात. अशक्त कॉइलही एवढे काम करते, म्हणून या चाचणीत ठिणगी दिसली याचा अर्थ मंडल पूर्णपणे मेलेले नाही एवढाच होतो.

अधिक विश्वसनीय चाचणीसाठी फट कमीजास्त करता येणारे ठिणगी-परीक्षक उपकरण वापरतात. जपानी दुरुस्ती-पुस्तिकांत चांगल्या कॉइलने उघड्या हवेत साधारण ६ ते ८ मिलिमीटर फट ओलांडावी अशी अपेक्षा असते. मोठी फट सिलिंडरमधील वाढलेल्या दाबाची उणीव काही प्रमाणात भरून काढते. ठिणगी नियमित, ठळक आणि ऐकू येईल अशी असावी. बारीक, पिवळसर व मधूनमधून चुकणारी ठिणगी अशक्तपणा दर्शवते. केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे मात्र योग्य नसते. सीडीआयची ठिणगी फार अल्पकाळ टिकते, त्यामुळे ती उजेडात फिकी दिसली तरी पुरेशी असू शकते.

परीक्षकाची फट गरजेपेक्षा अधिक वाढवणे किंवा टोपी मोकळी ठेवून किक मारणे हानिकारक असते. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही, तर वाढता दाब कॉइलच्या आतच सर्वांत दुर्बळ जागा शोधतो आणि पन्नास वर्षांचे जुने निरोधन कायमचे फुटते. सीडीआय मंडलालाही यामुळे इजा पोहोचू शकते. अशा रीतीने चाचणीच चांगल्या कॉइलच्या नाशाचे कारण बनते.

तापलेल्या अवस्थेतील व निरोधनाची चाचणी

तापल्यावर होणारा बिघाड थंड कॉइलमध्ये सापडत नाही. म्हणून कॉइल काढून तिला केस वाळवण्याच्या यंत्राने ६० ते ७० अंशांपर्यंत हळूहळू तापवतात आणि रोध व ठिणगी पुन्हा तपासतात. तापमानानुसार अपेक्षित वाढीऐवजी रोध एकाएकी अनंत झाला, घसरला किंवा मीटरचा आकडा अस्थिर झाला, तर वेटोळ्यातील तुटका जोड उघड होतो. कॉइलला उघड्या ज्योतीने तापवणे टाळतात, कारण त्यामुळे राळ वितळते किंवा तडकते.

निरोधनाची गळती अंधारात सहज दिसते. इंजिन चालू असताना कॉइल आणि तार यांच्याभोवती निळसर झगमग किंवा चौकटीकडे उडणाऱ्या बारीक ठिणग्या दिसल्यास आवरण फुटलेले असते. कॉइलवर स्वच्छ पाण्याचा हलका फवारा मारल्यास पावसात होणारा बिघाड घडवून आणता येतो. ही चाचणी इंधनगळती नसलेल्या, हवेशीर जागीच केली जाते.

शिखर विद्युतदाबाचे मापन व बदली कॉइल

सीडीआय पद्धतीत कॉइलकडे येणारा स्पंद काही मायक्रोसेकंदांत चढतो. साधा मल्टिमीटर तो पकडू शकत नाही. त्यासाठी शिखरदाब साठवून दाखवणारे जोडउपकरण वापरतात. प्राथमिक टोकाशी पुस्तिकेत दिलेला शिखरदाब मिळत असेल आणि तरीही ठिणगी नसेल, तर दोष कॉइलमध्ये, तारेत किंवा टोपीत असतो. शिखरदाबच मिळत नसेल, तर स्रोत-कॉइल, संकेत-कॉइल किंवा सीडीआय मंडल तपासावे लागते.

अंतिम निर्णयासाठी त्याच प्रकारची, चालू वाहनातील कॉइल तात्पुरती जोडून पाहतात. तिने बिघाड नाहीसा झाला आणि जुनी कॉइल पुन्हा जोडताच तो परतला, तरच दोष कॉइलचा आहे असे ठामपणे म्हणता येते. उलट बाजू पुन्हा तपासणे येथे महत्त्वाचे असते, कारण कॉइल बदलताना हाताळल्या गेलेल्या सैल जोडामुळेही बिघाड तात्पुरता नाहीसा होऊ शकतो.

पर्यायी कॉइलची निवड

मूळ कॉइल मिळत नसल्यास पर्यायी कॉइल पद्धतीनुसार निवडली जाते. सीडीआयची अल्परोधी कॉइल बॅटरी-पॉइंट मंडलात जोडल्यास तिच्यातून प्रमाणाबाहेर धारा वाहते, पॉइंट जळतात आणि कॉइल तापते. बॅटरी पद्धतीची अधिक रोधाची कॉइल सीडीआय मंडलावर जोडल्यास स्पंद मंदावतो व ठिणगी अशक्त होते. जोडणीची दिशाही पाहावी लागते. प्लगचे मधले अग्र ऋण असल्यास तुलनेने कमी दाबात ठिणगी पडते, कारण तापलेल्या अग्रातून इलेक्ट्रॉन अधिक सहज बाहेर पडतात. दोन प्राथमिक टोके असलेल्या कॉइलची जोडणी उलट झाल्यास ठिणगी पडते, पण तिला अधिक दाब लागतो. अशी चूक वेगात किंवा चढावर इंजिन अडखळेपर्यंत लक्षात येत नाही.

सुरक्षितता

इग्निशन कॉइल साधारणतः १५,००० ते २५,००० व्होल्ट दाब देते. तिचा धक्का सहसा क्षणिक असला तरी हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तींना तो धोकादायक ठरू शकतो. सीडीआयमधील धारित्राचा धक्का अधिक तीव्र असतो. द्विधाव इंजिनात प्लग काढून किक मारल्यास प्लगच्या छिद्रातून इंधनाचा फवारा बाहेर येतो आणि जवळच पडणारी ठिणगी त्याला पेटवू शकते. म्हणून पेट्रोलचा कॉक बंद करणे, छिद्र दुसऱ्या प्लगने बंद करणे, परीक्षक छिद्रापासून दूर ठेवणे आणि प्लग हाताने न धरता चिमट्याने किंवा तारेने चौकटीला पक्का जोडणे, ही खबरदारी घेतली जाते.

भारतातील संदर्भ

डर्ट बाइक म्हणून बनवलेल्या या मूळ मोटारसायकली भारतात दुर्मीळ आहेत. तथापि त्यांच्यातील प्रज्वलन पद्धती भारतीय मोटारसायकलींतही वापरल्या गेल्या. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीच्या जावा व येझदी या चेकोस्लोव्हाक रचनेवर आधारित मोटारसायकलींत पॉइंट असलेली पद्धत होती. १९८५ मध्ये आलेल्या ९८ घन सेंटिमीटरच्या यामाहा आरएक्स १०० मध्ये सीडीआय पद्धत होती. महाराष्ट्रातील गॅरेजमध्ये कॉइलला ‘एचटी कॉइल’ आणि ठिणगीला ‘करंट’ म्हणण्याची पद्धत आहे. ‘प्लगला करंट नाही’ ही तक्रार वर वर्णिलेल्या कोणत्याही बिघाडातून उद्भवू शकते. त्यामुळे प्लग, टोपी, बंद करण्याचे बटण, चौकटीशी संपर्क, पॉइंट, रोध, ठिणगी आणि उष्णता हा तपासणीचा क्रम या वाहनांनाही लागू पडतो.